डब्यात बंद झालेले अकरा हास्यपट

एखादा चित्रपट तयार होऊनही पडद्यावर आला नाही, म्हणजे तो 'डब्यात गेला' असे आपण म्हणतो. परंतु अनेकदा पडद्यावर येऊन गेलेले आणि असंख्य प्रेक्षकांना हसवून गेलेले चित्रपट पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा डब्यात घालून ठेवण्याचा प्रसंग विरळाच. असा प्रसंग १९६८ साली अमेरिकेत आला. वॉर्नर ब्रदर्स या प्रसिद्ध चित्रसंस्थेच्या जुन्या कार्टूनपटांचा मोठा साठा त्या वेळी 'युनायटेड आर्टिस्ट्स' या कंपनीच्या मालकीचा होता. दूरचित्रवाणी केंद्रांना हे कार्टूनपट भाड्याने देणे हा तिचा व्यवसाय. या साठ्यातून कंपनीने अकरा लघुपट निवडून बाजूला काढले आणि यापुढे ते कोठेही दाखवावयास द्यावयाचे नाहीत असे ठरविले. १९३१ ते १९४४ या काळात निघालेले, प्रत्येकी सहा-सात-आठ मिनिटांचे हे लघुपट. सारे एकापुढे एक लावले तरी दीड तासात संपतील. पण 'सेन्सॉर्ड इलेव्हन' या नावाने ते चित्रपटांच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहेत.

यांत असे होते तरी काय? १९४१ सालच्या 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू' या लघुपटात सशाच्या मागे लागलेला एक मंदबुद्धी कृष्णवर्णीय शिकारी आहे. बंदूक हातात असूनही तो फाशांच्या खेळाच्या मोहात पडतो आणि अंगावरचे कपडेसुद्धा सशापाशी हरतो. 'जंगल जिटर्स' या १९३८ सालच्या चित्रात आफ्रिकेतील माणसे नरभक्षक म्हणून येतात. 'अंकल टॉम्स बंगलो' या १९३७ सालच्या चित्रात गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागे करणाऱ्या एका सुप्रसिद्ध कादंबरीचीच टवाळी आहे. चेहऱ्याच्या निम्म्या भागावर पसरलेले ओठ, बटबटीत डोळे, रेंगाळणारी चाल, मोडकीतोडकी भाषा, कामाचा आळस आणि जुगाराची हौस, एवढ्या सामग्रीतून एक अख्खा मानवसमूह रंगविलेला आहे. व्यक्ती बदलतात, गोष्ट बदलते; माणूस मात्र तोच तो.

ही चित्रे काढणारे लोक सामान्य कारागीर नव्हते. टेक्स एव्हरी, फ्रिझ फ्रेलेंग, चक जोन्स, बॉब क्लॅम्पेट ही या कलेतील पहिल्या रांगेची नावे या अकरा चित्रांवर आहेत. क्लॅम्पेट यांचा 'कोल ब्लॅक अँड डी सेबन ड्वॉर्फ्स' हा १९४३ सालचा लघुपट म्हणजे हिमगौरीच्या गोष्टीचे कृष्णवर्णीय पात्रांत आणि जाझ संगीतात केलेले रूपांतर आहे. गती, ताल आणि रेषेचा मोकळेपणा यांत त्याची बरोबरी करणारे कार्टूनपट थोडे. १९९४ साली या व्यवसायातील जाणकारांच्या मतांवरून सर्वोत्कृष्ट पन्नास कार्टूनपटांची जी सूची ग्रंथरूपाने निघाली, तिच्यात या चित्राला एकविसावे स्थान मिळाले. चित्र टाकाऊ असते तर ते विसरून जाणे सोपे होते. ते उत्तम आहे आणि अपमानकारकही आहे. म्हणूनच त्याचे काय करावे हा प्रश्न सुटत नाही.

'सेन्सॉर' हा शब्द ऐकताच मराठी श्रोत्याच्या मनात काही निश्चित आठवणी जाग्या होतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. तेथे बंदी घालणारे राज्यकर्ते होते आणि तोंड बंद झाले ते पारतंत्र्यातील प्रजेचे. साहजिकच बंदी म्हणजे बलवानाने दुर्बलाचा आवाज दाबणे, असे समीकरण आपल्या मनात बसले आहे. या अकरा चित्रांच्या बाबतीत परिस्थिती निराळी होती. त्यांच्यावर कोणत्याही सरकारने बंदी घातलेली नाही. ज्याच्या मालकीचा माल, त्यानेच तो दुकानातून आत नेऊन ठेवला. आणि ज्यांची टवाळी झाली होती तो समाज बलवान नव्हता, तर वर्षानुवर्षे दाबला गेलेला होता. म्हणून 'कीचकवधा'चा न्याय येथे जसाच्या तसा लावून चालणार नाही. मात्र त्याबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, सरकारी हुकुमाविरुद्ध न्यायालयात जाता येते. मालकाने आपली वस्तू कुलपात ठेवली तर दाद कोणाकडे मागावयाची?

त्या काळी अमेरिकेत चित्रपटांवर काही बंधनेच नव्हती असे मात्र नाही. १९१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला होता. तो १९५२ पर्यंत टिकला. सरकारी कात्री टाळण्यासाठी चित्रव्यावसायिकांनी १९३० साली स्वतःच एक आचारसंहिता तयार केली आणि १९३४ पासून ती कडकपणे अमलात आणली. या संहितेमुळे बेटी बूप या लोकप्रिय कार्टून-नायिकेच्या झग्याची लांबी वाढली. गोऱ्या आणि काळ्या स्त्रीपुरुषांचे प्रेमसंबंध दाखविण्यास या संहितेची स्पष्ट मनाई होती. परंतु काळ्या माणसाला पिढ्यान्पिढ्या विदूषक म्हणून उभे करण्यात तिला काही वावगे दिसले नाही. कात्री होती, धारदारही होती. ती कोणाच्या अब्रूसाठी चालवावयाची हे चालविणाऱ्यांच्या दृष्टीवर अवलंबून होते.

आता हे चित्रण आले कोठून ते पाहू. हे कार्टूनपट निघण्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे, म्हणजे १८३० च्या सुमारास, अमेरिकेत 'मिन्स्ट्रेल शो' नावाचा एक रंगभूमीचा प्रकार रूढ झाला. गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ मोठे रंगवून काळ्या गुलामांची नक्कल करीत, गात आणि नाचत. थॉमस राइस या नटाने 'जिम क्रो' नावाचे असेच एक पात्र लोकप्रिय केले. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांनाही हेच नाव चिकटले. विदूषकाचे नाव कायद्याला मिळावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. १९३० साली वॉर्नर ब्रदर्ससाठी 'बॉस्को' हे पहिले कार्टून-पात्र आले, तेव्हा त्याचे रूप याच परंपरेतून घेतले होते. निकोलस सॅमंड या अभ्यासकाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, आपल्या परिचयाच्या कित्येक कार्टून-प्राण्यांच्या हातांतील पांढरे मोजे, त्यांचे रुंद तोंड आणि मोठाले डोळे हीसुद्धा त्याच रंगभूमीची देणगी आहे.

या परंपरेला या कलेची एक तांत्रिक गरजही पूरक ठरली. कार्टूनपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. सात मिनिटांच्या चित्रासाठी त्या दहा हजारांवर जातात. एवढ्या अल्प वेळात पात्राची ओळख, प्रसंग आणि विनोद हे सारे साधावयाचे असते. पात्र पडद्यावर येताक्षणीच प्रेक्षकाला ते कोण, कसे, हे कळले पाहिजे. तयार साचा हाताशी असला की हे काम चटकन होते. कंजूष म्हटला की अमुक जातीचा, आळशी म्हटला की तमुक रंगाचा! आपल्या जुन्या प्रहसनांतील ठरावीक परप्रांतीय पात्रे याच सोयीतून आली होती. साच्याचा दोष असा की, तो प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेल्या समजुतीवर उभा राहतो आणि हसवता हसवता त्याच समजुतीला दुजोरा देऊन जातो. त्या माणसाला प्रत्यक्ष कधी न भेटलेल्या प्रेक्षकाला तर साचा म्हणजेच माणूस वाटू लागतो.

'तो काळच तसा होता, त्या वेळी कोणाला त्यात गैर वाटत नसे,' असे समर्थन या चित्रांच्या बाबतीत वारंवार केले जाते. ते खरे नाही. कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी १९०९ साली स्थापन झालेली 'एन-ए-ए-सी-पी' ही संस्था १९१५ पासून अशा चित्रणाविरुद्ध झगडत होती. 'कोल ब्लॅक' १९४३ साली प्रदर्शित झाला त्याच वर्षी तिने त्याचा निषेध केला आणि तो मागे घ्यावा अशी मागणी केली. वॉल्टर लँट्झ यांचा 'स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट' हा १९४१ सालचा लघुपट १९४८ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा या संस्थेने तक्रार केली आणि युनिव्हर्सल कंपनीला तो मागे घ्यावा लागला. याचा अर्थ असा की, ज्यांना गैर वाटत होते ते त्याच वेळी बोलत होते. 'कोणालाच वाटत नव्हते' असे म्हणताना आपण त्यांना माणसांत मोजीत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय त्याच पिढीतील कलावंतांनी १९४६ साली 'ब्रदरहूड ऑफ मॅन' हा लघुपट काढला. रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींच्या पुस्तिकेवर आधारलेल्या या चित्राने वंशावंशांत बुद्धीचा वा योग्यतेचा जन्मजात भेद नाही, हे कार्टूनच्याच भाषेत समजावून सांगितले. तेव्हा काळ एकच होता. त्या काळात निवड करता येत होती, आणि काहींनी ती केलीही होती.

मग १९४३ साली न झालेली गोष्ट १९६८ साली का झाली? याचे एक कारण उघड आहे. मधल्या काळात नागरी हक्कांची चळवळ झाली, १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा संमत झाला, आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन सारा देश हादरला. दुसरे कारण तितकेसे लक्षात येत नाही. ते व्यवसायातील बदलाचे आहे. हे लघुपट मूळचे चित्रपटगृहासाठी केलेले होते. मुख्य चित्रापूर्वी ते दाखवीत आणि समोर लहानथोर सर्व वयांचे प्रेक्षक असत. १९५६ साली वॉर्नरचा जुना साठा एका वितरण-कंपनीने दूरचित्रवाणीसाठी विकत घेतला. तो १९५८ साली युनायटेड आर्टिस्ट्सकडे गेला. आता हीच चित्रे रोज घरोघर, आणि मुख्यतः मुलांसमोर, दिसू लागली. चित्रपटगृहात एकदा पाहून विसरण्याची वस्तू घरातील रोजची सोबत झाली. काळ्या कुटुंबातील सहा वर्षांचे मूल आपल्याच घरात बसून आपल्याच आईबापांची विटंबना पाहत आहे, ही स्थिती चित्रकर्त्यांनी कधी कल्पिलेलीही नव्हती. १९६८ च्या निर्णयामागील खरी अडचण ही होती.

तेव्हापासून आजपर्यंत अशा जुन्या चित्रांच्या बाबतीत जे उपाय योजले गेले, त्यांचे चार प्रकार करता येतील. पहिला उपाय कुलपाचा. अकरा चित्रांवर तो लागू झाला. १९८६ साली हा साठा टेड टर्नर यांच्याकडे गेला, तरी त्यांनी तो निर्णय बदलला नाही. डिस्ने संस्थेचा 'साँग ऑफ द साउथ' हा १९४६ सालचा चित्रपट असाच बंद आहे. अमेरिकेतील चित्रगृहांत तो १९८६ नंतर आला नाही आणि तेथे घरगुती चित्रफितीच्या रूपानेही संस्थेने तो कधी विकला नाही. पण कुलपाने वस्तू नाहीशी होत नाही. जुन्या अमेरिकन नियमांप्रमाणे अठ्ठावीस वर्षांनी मालकी-हक्काचे नूतनीकरण करावे लागे. अकरांपैकी 'जंगल जिटर्स' आणि 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू' यांचे ते झाले नाही, म्हणून ती चित्रे सार्वजनिक झाली आणि कोणालाही छापून विकण्यास मोकळी झाली. बाकीचीही चोरट्या प्रतींतून फिरतच राहिली. आज संगणकाच्या पडद्यावर ती शोधणाऱ्याला सापडतात. फक्त प्रत खराब असते, आणि ती कोणी, का, कोणत्या परिस्थितीत काढली हे सांगणारे जवळ कोणी नसते.

दुसरा उपाय कात्रीचा. डिस्नेच्या १९४० सालच्या 'फँटासिया' या भव्य चित्रपटात गोऱ्या अश्वकन्यांचे खूर घासून देणारी एक काळी दासी-अश्वकन्या होती. १९६९ च्या पुनःप्रदर्शनापासून ती गाळण्यात आली. गाळताना सांगितले कोणीच नाही. त्यामुळे पुढच्या पिढ्यांना मूळ चित्र असेच होते असे वाटले. दुसऱ्या कलावंताच्या चित्रातील उणीव आपण झाकली तर तिला दुरुस्ती म्हणता येईल. आपल्याच संस्थेच्या चित्रातील डाग गुपचूप पुसणे ही मात्र आपल्या अब्रूची राखण होते. ज्यांचा अपमान झाला त्यांची भरपाई त्याने होत नाही.

तिसरा उपाय रंगसफेतीचा. 'टॉम अँड जेरी'च्या जुन्या चित्रांत घर सांभाळणारी एक काळी बाई येते. तिचा चेहरा बहुधा दिसत नाही, पायांतल्या सपाता आणि कमरेचे एप्रन तेवढे दिसते. १९४० ते १९५२ पर्यंत ती या मालिकेत होती. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही चित्रांतून तिला काढून त्या जागी एक सडपातळ गोरी बाई नव्याने चितारण्यात आली आणि आवाजही बदलला. येथे एक गोष्ट विसरली गेली. त्या बाईचा मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा होता. चित्रावर तिचे नाव नव्हते. आवाज तेवढा होता, आणि आता तोही गेला. 'कोल ब्लॅक'मध्ये व्हिव्हियन डॅन्ड्रिज आणि तिची आई रूबी डॅन्ड्रिज यांचे आवाज आहेत. त्यांचीही नावे त्या चित्रावर नाहीत. 'साँग ऑफ द साउथ'चा नायक जेम्स बॅस्केट याला तर १९४८ साली या भूमिकेबद्दल अकॅडमीचे मानचिन्ह मिळाले. परंतु १९४६ च्या नोव्हेंबरात अ‍ॅटलांटा शहरी त्याच चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा वर्णभेदाच्या निर्बंधांमुळे तो तेथे उपस्थित राहू शकला नाही. हलक्या भूमिकांखेरीज ज्यांना दुसरे काम मिळत नव्हते, त्या कलावंतांनी त्या हलक्या भूमिकांतही जे कसब ओतले, तेच त्यांच्यामागे राहिले आहे. अपमान पुसण्याच्या भरात अपमानितांची कामगिरीही पुसली जाते, हा या उपायातील सर्वांत मोठा धोका होय.

चौथा उपाय सूचनेचा. २००५ साली वॉर्नरच्या जुन्या कार्टूनपटांच्या एका संचाला अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांचे प्रास्ताविक जोडण्यात आले. हे चित्रण तेव्हाही चुकीचे होते व आजही चुकीचे आहे. पण ते गाळणे म्हणजे असा पूर्वग्रह कधी नव्हताच असे भासविण्यासारखे होईल, अशा आशयाची भूमिका त्या संस्थेने घेतली. २०१९ साली सुरू झालेल्या डिस्नेच्या घरगुती चित्रसेवेने आरंभी 'जुनाट सांस्कृतिक चित्रण' अशी मोघम सूचना दिली. २०२० मध्ये ती अधिक स्पष्ट करून, हे चित्रण चुकीचे होते असे मान्य केले. २०२१ साली 'डम्बो', 'पीटर पॅन' यांसारखी चित्रे लहान मुलांसाठी राखलेल्या विभागातून काढली. मोठ्यांच्या विभागात ती राहिली. आणि २०१० च्या एप्रिलमध्ये हॉलिवूड येथील एका चित्रपट-महोत्सवात त्या अकरांपैकी आठ लघुपट चांगल्या प्रती तयार करून, डोनाल्ड बोगल या कृष्णवर्णीय चित्रपट-इतिहासकारांच्या विवेचनासह दाखविण्यात आले. बेचाळीस वर्षांनंतर उघडलेला तो दरवाजा योग्य माणसाच्या हातून उघडला, असे म्हणावे लागेल.

या सर्व निर्णयांत एक प्रश्न मागे राहतो : कोणते चित्रण अपमानकारक, हे ठरवावयाचे कोणी? या दृष्टीने दोन उदाहरणे परस्परांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, बग्ज बनी या सशाचे जपान्यांची विटंबना करणारे एक चित्र निघाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४२ पासून, अमेरिकेतील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले होते, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. शत्रुदेशाचा सैनिक आणि शेजारचा भाजीवाला यांचा चेहरा एकच समजण्याची जी चूक सरकारने केली, तीच त्या चित्रातील रेषेने केली होती. १९९५ साली जपानी-अमेरिकनांनी आक्षेप घेतल्यावर ते चित्र बाजारातून मागे घेण्यात आले. उलट प्रकार स्पीडी गॉन्झालेस या मेक्सिकन उंदराचा. 'मेक्सिकन लोकांना हे आवडणार नाही' असे गृहीत धरून कार्टून नेटवर्कने १९९९ साली त्याची चित्रे अमेरिकेत बाजूला ठेवली. तेव्हा लॅटिन-अमेरिकन नागरिकांच्या संघटनेनेच ती परत दाखवावीत असा आग्रह धरला. हा चपळ, हुशार, बोक्याला नेहमी हरविणारा उंदीर त्यांना आपला वाटत होता. २००२ साली तो परत आला. दोन्ही ठिकाणी योग्य निर्णय झाला, कारण दोन्ही ठिकाणी शेवटी ज्यांचे चित्र होते त्यांचे ऐकले गेले. परक्याने त्यांच्या वतीने परस्पर रागावणे किंवा परस्पर क्षमा करणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजण्याचे कारण नाही. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून-मालिकेतील अपू हा भारतीय दुकानदार १९९० पासून त्या देशाला हसवीत होता. त्याचे विशिष्ट उच्चार एक गोरा नट काढीत असे. तेथे वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत याच उच्चारांवरून चिडवले जात असे, हे हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने २०१७ सालच्या आपल्या माहितीपटात मांडले. २०२० साली त्या नटाने ते काम सोडले. कोंडाबोलू यांची मागणी मात्र अपूला नाहीसे करा अशी नव्हती. त्याला माणूस करा, अशी होती. परभाषिकांच्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या बोलण्याची नक्कल करून हसणाऱ्यांत कोण आपल्याबरोबर हसतो आणि कोण आपल्याला हसतो, हा फरक त्याला अनुभवाने कळलेला असतो.

आपल्या देशात २०१२ साली याच जातीचा वाद झाला. राज्यघटना तयार होण्यास लागलेल्या वेळावर व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली काढलेले चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घेतले होते. गोगलगाईवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू, असे ते चित्र. संसदेत गदारोळ झाला, सरकारने दिलगिरी व्यक्त केली, आणि पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोडही झाली. ती निंद्यच होती. परंतु वादातील मूळ प्रश्न खोटा नव्हता. चित्राशेजारी स्पष्टीकरण होते, हे एका बाजूचे म्हणणे. वर्गात बसलेल्या दलित विद्यार्थ्याच्या डोळ्यांना आधी चाबूक दिसतो आणि मग स्पष्टीकरण, हे दुसऱ्या बाजूचे. या प्रसंगाची आणि अमेरिकन कार्टूनपटांची तुलना सर्व अंशांनी होणार नाही. शंकर यांचा रोख एका कामाच्या गतीवर होता, एखाद्या समाजावर नव्हता. तथापि जुने चित्र नव्या डोळ्यांपुढे ठेवताना शेजारी काय लिहावे आणि ते कोणाला दाखवावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मग निर्णय काय? मला असे वाटते की, या अनुभवातून चार गोष्टी ग्राह्य ठरतात. मूळ चित्र जसेच्या तसे, पूर्ण स्वरूपात, जपून ठेवले पाहिजे. कारण तो कलेचा नमुना असेल किंवा नसेल, पण पुरावा निश्चित आहे. एका सुसंस्कृत म्हणविणाऱ्या राष्ट्राने आपल्याच नागरिकांना कसे पाहिले, याचा एवढा स्पष्ट पुरावा सरकारी दप्तरातसुद्धा सापडणार नाही. दुसरे असे की, काही गाळावयाचे झाल्यास ते सांगून गाळावे. मुलांच्या कार्यक्रमात एखादा प्रसंग वगळणे समजण्यासारखे आहे. वगळून तोंड मिटून बसणे समजण्यासारखे नाही. तिसरे, लहान मूल आणि जाणता प्रेक्षक यांच्यात भेद करावा. विष औषधाच्या कपाटात ठेवतात, ते खाऊच्या डब्यात ठेवीत नाहीत. म्हणून कोणी कपाटच जाळून टाकीत नाही. आणि चौथे, स्पष्टीकरण मनापासून आणि माहितीपूर्ण असावे. 'काळ तसा होता' एवढ्या तीन शब्दांत काळावर दोष ढकलून मोकळे होता येणार नाही. कोणी काढले, कोणी निषेध केला, कोणाचा आवाज त्यात आहे आणि तो कलावंत पहिल्या खेळाला का येऊ शकला नाही, हे सारे सांगितले पाहिजे.

यावर कोणी विचारील की, एवढे सांगत बसल्यावर हसावयाचे केव्हा? प्रश्न रास्त आहे. अशी चित्रे अशा रीतीने पाहिली म्हणजे त्यांच्यातले काही हसू उणे होईल, यात शंका नाही. जे हसू माहिती मिळताच मावळते, त्याची हळहळ फार करण्याचे कारण नाही. जे त्यानंतरही उरते, सशाच्या धूर्तपणाचे, रेषेच्या लवचिकपणाचे, संगीताच्या तालाचे, ते त्या कलावंतांचे खरे कर्तृत्व होय, आणि ते निःसंकोचपणे घ्यावे. अकरा डब्यांची किल्ली आजही मालकांकडेच आहे. २०१० साली त्यांतील आठ एका संध्याकाळपुरते उघडले गेले, तेव्हा जाणत्या माणसाने पुढे उभे राहून सांगितले आणि प्रेक्षकांनी ऐकले. एका शहरात एकदा जे करता आले, ते ग्रंथालयांत आणि विद्यापीठांत नेहमीसाठी करता यावे, एवढीच अपेक्षा आहे.